येचाईच्या पातीवर सिनेमाच्या गप्पा

शनिवार, रात्र

येचाईचे, म्हणजे कापूस वेचायचे दिवस. दहिवर सुकल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही, ओला कापूस गंजीत पिवळा पडतो. म्हणून सकाळी सगळ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून असतात आणि तेवढ्या वेळात आमच्या पातीवर, म्हणजे वेचायच्या ओळीवर, सिनेमाचं जे बोलणं होतं, ते लिहून ठेवावं असं कधीचं मनात होतं.

काल रात्री भाऊजींनी मोबाईल टीव्हीला जोडून ‘गाभ्रीचा पाऊस’ लावला. २००९ चा सिनेमा, सतीश मनवर यांचा. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी किसना. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला तेव्हापासून त्याच्या बायकोच्या मनात धास्ती बसलेली, आणि नवऱ्यावर नजर ठेवायला तिनं लहान पोराला त्याच्या मागं लावून दिलेलं. येचाईच्या बाया जेवणं आटोपून आल्या होत्या. ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सिनेमा संपल्यावरही बराच वेळ कोणी उठलं नाही.

आज धुऱ्यावर पहिलं बोलली ती मावशी. वयानं सगळ्यांत मोठी, बोलते कमी.

“मानूस बरोबर चालते वं थो.”

“कोन मावशी?”

“थो किसना. ढेकलातून चालनं येते त्याले.”

कोणी रडण्याचं बोललं नाही, गोष्टीचं बोललं नाही. मावशीनं चालणं पाहिलं. गिरीश कुलकर्णी हा नट काही वऱ्हाडातला नाही. बोलताना एक-दोन ठिकाणी तो अडखळतो असं मला वाटलं, पण पायांत कुठंच अडखळत नाही. वखरलेल्या वावरात बाहेरचा माणूस पाय उचलून टाकतो आणि मग डगमगतो. आपला माणूस आधी पाऊल टेकवतो, ढेकूळ फुटतंय का बघतो, मग भार देतो. हे त्याला कोणी शिकवलं की त्यानं नुसतं बघून उचललं, कोण जाणे, पण त्यामुळं पुढचा सगळा सिनेमा आम्ही खरा मानला.

आणि सोनाली कुलकर्णी! नवऱ्याशी हसून बोलते आणि तेव्हाच त्याचा चेहरा वाचत असते. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, “असं हासनं मी पायलं हाये.” एवढंच म्हणाल्या आणि कापूस टाकायची ओटी कमरेला बांधायला उठल्या. त्यांच्या माहेरच्या घरात काय घडलं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पुढं कोणी विचारलं नाही.

दुपारभर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आम्ही नटाला कशावर मापतो? तो रडतो कसा, डायलॉग कसा मारतो, यावर नाही. त्याचे हातपाय कामाला ओळखतात की नाही, यावर. मागं एका मालिकेत नायिका कापूस वेचताना दाखवली होती. दोन बोटांनी गुलाब तोडावा तसं एकेक बोंड खुडत होती, आणि खुडलेलं हातातच धरून कॅमेऱ्याकडं बघत होती. ओटी नाही, कमरेत वाक नाही. ती मालिका आमच्या ओसरीत त्या दिवशी बंद झाली ती झालीच.

कापूस दोन्ही हातांनी वेचतात. डावा हात एका बोंडावर असतो तेव्हा उजवा दुसऱ्यावर गेलेला असतो. तीन बोटं पाकळ्यांच्या आत घालून सगळी फोड एका ओढीत बाहेर काढायची, सुकलेली पत्ती चिकटली तर अंगठ्यानं तिथंच झटकायची, कारण कापसात कचरा गेला की वजनकाट्यावर भाव पडतो. पाकळ्यांची टोकं वाळली की काट्यासारखी होतात. नखांच्या कडेला जिथं चामडी फाटते तिथं संध्याकाळी मीठ लागलं की कळतं. हे सगळं पडद्यावर अर्धा मिनिट जरी कोणी नीट दाखवलं तरी त्या नटीला दोन पानी संवादाची गरज पडणार नाही.

रविवार

आज पानठेल्यावर ‘झुंड’वरून वाजलं. भाऊजी जेवताना सांगत होते.

पानठेलेवाले भाऊ अमिताभचे भक्त. त्यांचं म्हणणं, नागराज मंजुळेनं एवढा मोठा नट घेतला अन् त्याले काही कामच देलं नाही. २०२२ चा हा सिनेमा नागपुरातल्या झोपडपट्टीच्या पोरांचा, विजय बारसे सरांच्या फुटबॉलच्या कामावर बेतलेला. भाऊजींचं म्हणणं उलट. अमिताभ त्यात ऐकतो. पोरं एकामागून एक आपली कहाणी सांगतात आणि तो नुसता बसून ऐकतो. एवढ्या आवाजाचा माणूस गप्प बसतो, आणि आपल्याला ती नागपूरची पोरं ऐकू येतात.

मी भाऊजींच्या बाजूची. अंकुश गेडामसारखा पोरगा पडद्यावर चालत येतो तेव्हा त्याच्या खांद्यात इतवारी आणि गड्डीगोदाम दोन्ही दिसतात. ज्याला नागपूर माहीत आहे त्याला ते कळतं. आणि रिंकू राजगुरूचा तो भाग, जिथं ती आणि तिचा बाप ओळख पटवणाऱ्या एका कागदासाठी दारोदार फिरतात! तालुक्याच्या कचेरीत उन्हात बसून आपला नंबर येईल म्हणून वाट पाहिलेल्या माणसाला त्यात काही समजावून सांगावं लागत नाही. बापाचा हात कागदांच्या पिशवीवरून हलत नाही. तेवढं पुरे.

मात्र एक गोष्ट भाऊजींनी चुकीची लावून धरली. मंजुळेचा सिनेमा चांगला होतो कारण तो नवखी पोरं घेतो, असं त्यांचं म्हणणं. मग ‘फँड्री’तला किशोर कदम? तो तर नाटकात मुरलेला, कविता लिहिणारा माणूस. पण डुकराच्या मागं पळणारा तो बाप बघा. राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, तेव्हा त्या बापाचा थकवा उभ्या अंगातून दिसतो. नवखा असो की मुरलेला, त्यानं काम शिकून घेतलं की नाही एवढाच सवाल.

मामाजी आतून ऐकत होते. म्हणाले, “बलराज साहनी कलकत्त्यात रिक्षा ओढून पाह्यला होता, तवा कुठं ‘दो बिघा जमीन’ केला त्यानं.” १९५३ चा तो सिनेमा. मामाजींनी तो जत्रेतल्या तंबूत पाहिला होता, जमिनीवर बसून. पुढची रांग धुळीत, मागची खुर्च्यांवर. त्या तंबूत रिक्षा ओढणाऱ्या शंभूसाठी रडलेला माणूस त्यांना अजून आठवतो, तो सावकाराकडं वावर गहाण टाकून आला होता.

मंगळवार

काल लिहायला वेळ झाला नाही, तूर फवारायची होती.

आज पातीवर ‘शेरनी’ निघाली. आमच्या पांढरकवड्याच्या बाजूला तो सिनेमा बघायला वेगळा जीव लागतो. अमित मसुरकरचा २०२१ चा सिनेमा, वाघिणीच्या मागावरच्या वनखात्याचा. गोष्ट कल्पित म्हणून सांगतात आणि चित्रीकरण मध्य प्रदेशात झालं, पण टी-१, म्हणजे अवनी वाघिणीची आठवण आल्याशिवाय इथं कोणी तो बघूच शकत नाही. १३ माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. ऐन कापसाचा हंगाम. त्या वर्षी बाया घोळक्यानं वावरात जायच्या, धुऱ्यावर एक माणूस डबा वाजवत उभा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, कमरेएवढी, वाकलेल्या बाईला पलीकडच्या पातीवरचं दिसत नाही. वेचताना पाठ उघडी असते, आणि भीती सगळी त्या पाठीत बसलेली असायची.

पातीवरच्या एकीचं म्हणणं, “सिनेमात वाघिनीचीच बाजू घेतली. आमची कोन घेईन?” दुसरी म्हणाली, “तिले बी पिल्लं होती ना वं.” यावरून खूप बोलाचाली झाली. मला दोघींचंही पटतं आणि म्हणूनच तो सिनेमा मला मोठा वाटतो. वनअधिकारी झालेली विद्या बालन त्यात ओरडत नाही, कोणाला मारत नाही, साहेबांसमोर बसते आणि ऐकून घेते, आणि तिच्या जबड्यात राग दिसतो. पण माझं मन गेलं ते संपा मंडलनं केलेल्या ज्योतीवर. गावची बाई, जंगलात रोजचं जाणंयेणं असलेली. ती जंगलात भिऊन भिऊन चालत नाही, बघत बघत चालते. आमच्या बायाही तशाच चालायच्या, त्या डबा वाजवायच्या वर्षीही.

याच ओघात मला ‘कोर्ट’चं सांगायचं होतं. चैतन्य ताम्हाणेचा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला सिनेमा. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे केला तो आपल्या विदर्भाच्या वीरा साथीदारांनी. आयुष्यभर चळवळीत राहिलेला माणूस, नागपूरचा. कटघऱ्यात उभं राहताना ते जराही अभिनय करत नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले. विदर्भातल्या नटांची नावं काढली की लोक हसवणाऱ्यांपाशी थांबतात. भारत गणेशपुरेंवर माझाही जीव आहे, त्यांच्यामुळं वऱ्हाडी घराघरात गेली. पण आमची बोली फक्त हसण्यासाठी नाही, आणि वीरा साथीदारांचं नाव इथल्या प्रत्येक पोराला माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्याच सिनेमातली गीतांजली कुलकर्णी पाहा. सरकारी वकील. दिवसभर कोर्टात एका म्हाताऱ्याला आत ठेवायच्या गोष्टी करते आणि घरी येऊन सगळ्यांचा स्वयंपाक करते. त्या हातांना स्वयंपाक येतो, म्हणून ती बाई आपल्याला राक्षसीण वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

बुधवार

आज जाऊबाईंनी मला चांगलंच धरलं.

“तुमचं काय होते ताई, तुमाले सारं खरं पायजे. मी दिवसभर कापूस येचतो. रात्री टीव्हीवर पुन्हा कापूसच पाहू काय? मले नाच पायजे, रंगीत लुगडं पायजे.”

पातीवरच्या निम्म्या बाया त्यांच्या बाजूनं. एकीचं माहेर वडशाकडचं, ती म्हणाली झाडीपट्टीची नाटकं बघा, रातभर चालतात, त्यात रडणंही असतं, लावणीही असते आणि पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. खरं आहे. ज्याचं अंग थकलं आहे त्याला गाणं मागायचा हक्क आहे, आणि तो हक्क मी कमी लेखणार नाही.

पण म्हणूनच ‘सैराट’ एवढा चालला असं मी त्यांना म्हटलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लोक थेटरात खुर्च्या सोडून नाचले ते अजय-अतुलच्या गाण्यांवर. आणि त्याच सिनेमात आर्ची ट्रॅक्टर चालवते. नुसती सीटवर बसवलेली नाही, चालवते. पातीवरची सगळ्यात लहान पोरगी म्हणाली, “तवापासून मी बाबाले म्हनतो, मलेबी शिकव.” पुढं हैदराबादेत तीच आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, आणि वाड्यातली पोरगी हळूहळू कष्टाला कशी सरावते ते आपण डोळ्यांनी बघतो. नाचही मिळाला, हातही मिळाले. जाऊबाई म्हणाल्या, “मले पहिलाच भाग आवडते. दुसरा मी पाहत नाही.” हे मात्र मला पटत नाही, आणि मी ते त्यांना सांगितलं. दुसरा भाग न बघणं म्हणजे आर्चीला नाचवून सोडून देणं. त्यांनी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही, पात मात्र माझ्या पुढं काढली.

मग मी दूध सोसायटीवरच्या ‘मंथन’चं सांगितलं. श्याम बेनेगल, १९७६. स्मिता पाटील. दूध घालणाऱ्या गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि त्या १० लाखांत सिनेमा झाला. २०२४ मध्ये तो नव्यानं साफसूफ करून कान महोत्सवात दाखवला, म्हणजे त्या २ रुपयांचं अजून चालूच आहे. स्मिता पाटील त्यात ढोरांजवळ बसते तेव्हा ती नटी आहे हे विसरायला होतं.

मावशी वेचता वेचता थांबली. “दोन दोन रुपये?”

“हाव मावशी.”

“मंग कापसाचा कोनं केला नाही?”

आमच्याकडं सूतगिरण्या झाल्या, सोसायट्या झाल्या, जिनिंग झाले. लाखो क्विंटल कापूस या हातांतून गेला. येचाईच्या बाईला मधोमध ठेवून, तिची पात, तिचा काटा, तिचं हसणं धरून कोणी मोठा सिनेमा करावा, ही माझी मागणी आहे. वऱ्हाडी बोलीत करावा. त्यात गाणंही असावं, जाऊबाईंसाठी.

भाऊजींना सांगून ठेवलं आहे. शनिवारी ‘मंथन’. जाऊबाईंची अट, त्याच्या आधी ‘सैराट’ मध्यंतरापर्यंत. मान्य केलं. मध्यंतरानंतरचा मी एकटी बघीन.