साडेसहा हजारांचा ओव्हन आणि धुळ्याचा मे

ओव्हन घेताना मी घरी एकच कारण सांगितलं होतं: ब्रेडचे पैसे वाचतील. वर्ष झालं, आता हिशेब द्यायला हवा.

अर्धा किलो मैदा, 7 ग्रॅम कोरडं यीस्ट, थोडं दूध, साखर, लोणी आणि साधारण एक युनिट वीज. सगळं मिळून 55 रुपये. ब्रेड निघतो पाऊण किलोला जरा कमी. दुकानात तेवढ्याला नव्वद तरी जातात. म्हणजे एका ब्रेडमागे 35 रुपये सुटले. आठवड्याला एक धरला तरी साडेसहा हजार फिटायला साडेतीन वर्षं! नवऱ्याला हा आकडा अजून कळलेला नाही.

मळायला बारा मिनिटं लागतात, बाकी नुसतं ताटकळणं. सासूबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता थापता म्हणाल्या, “इतला येळमा धा भाकरी व्हई जातीस.” होतातच की.

पहिला ब्रेड मे महिन्यात केला. कृतीत होतं, ‘पीठ दीड तास उबदार जागी ठेवा.’ पारा 43 वर, आमचं स्वयंपाकघर पत्र्याखाली. पस्तीस मिनिटांत पिठाने पातेल्याचं झाकण उचललं. मी गच्चीवर कपडे वाळत घालून आले, तोवर ते फसकन बसलेलं आणि घरभर ताडीसारखा आंबूस वास. भाजून जे निघालं ते गायीलाही घालवेना. आता उन्हाळ्यात यीस्ट निम्मं, पाणी फ्रिजमधलं, आणि मळायचं पहाटे पाचला. तरी त्या दिवसांत 200 अंशांची भट्टी घरात कोण पेटवणार? एप्रिल-मेमध्ये आमच्या ओव्हनवर रद्दी असते.

नुसत्या चक्कीच्या गव्हाचाही करून पाहिला. कोंड्यामुळे पीठ नीट ताणलं जात नाही, ब्रेड दडस होतो. निम्मा मैदा घालावाच लागतो. आणि शेवभाजीसोबतचा पाव? तो घरी करायच्या भानगडीत मी पडत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतली गरम लादी आणायची, विषय संपला.

डिसेंबरात मात्र गंमत येते. पहाटे आठ-दहा अंश. रात्री चिमूटभर यीस्ट घालून पीठ ओट्यावरच ठेवते, सकाळी ते निवांत फुगलेलं असतं. ब्रेड भाजत असताना सासूबाई शाल गुंडाळून ओव्हनपाशी खुर्ची ओढतात. कडेचा कडक तुकडा त्यांचाच, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. “हाई बरं लागस,” म्हणतात.

भाकरीचं पीठ तेवढं आधीच परातीत काढून ठेवलेलं असतं.