सात सीटर बघायची तर मागं बसून बघा

आज दिवसभर शोरूम पालथी घातली. घरात माणसं सात, त्यामुळं गाडी सात सीटर, यावर वाद नव्हता. वाद पुढं झाला.

सेल्समन सनरूफचं कौतुक सांगत होता. आबा गुपचूप तिसऱ्या रांगेत जाऊन बसले आणि तिथूनच ओरडले, "जोतिबाला पोचेस्तोवर माझा मुटका होतोय रे!" लगेच त्या सेल्समन पोरानं मधली सीट पुढं सरकवून मागं जागा करून दाखवली. मधे बसणाऱ्याच्या गुडघ्यांचं काय, ते मात्र कुणी बोलंना.

रेनोची ट्रायबर चार मीटरच्या आत, शिवाजी पेठेतल्या बोळात लीलया वळेल. तिसरी रांग काढूनच ठेवता येते, हे लई भारी. पण सगळ्या सीटा लावल्या की डिकी 84 लिटरची, आणि सात माणसं घेऊन पन्हाळ्याच्या चढाला एक लिटरचं इंजिन म्हणजे जरा विचारच करायचा. अर्टिगात 209 लिटर. सीएनजी घेतली तर टाकी डिकीतच, मग लग्नाच्या बॅगा मांडीवर. कियाच्या कॅरेन्सच्या वरच्या मॉडेलात बटण दाबलं की मधली सीट दुमडते. आई कुणाचा हात न धरता मागं चढली. माझं मत तिथंच झुकलं. इनोव्हा सगळ्यांना आवडली, किमतीचा कागद हातात येईपर्यंत.

वहिनींचं म्हणणं, सनरूफचे पैसे वाचवून खालचं मॉडेल घ्या. पण बटणाची सीट त्यात नाही.

कुणाकडं डिझेल कॅरेन्स असेल तर घाटातलं खरं मायलेज सांगा राव.