व्हेलोसीकोस्टर : घाबरणाऱ्यांनी बसावं की नाही?

ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमध्ये जाणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : व्हेलोसीकोस्टर या रोलर कोस्टरला बसायचं की खाली थांबून बाकीच्यांची वाट पाहायची? पिशव्या सांभाळायचं निमित्त इथे चालत नाही, कारण राइडचे लॉकर फुकट आहेत. तेव्हा उत्तर सरळच द्यायला हवं. उलटं होण्याची भीती असेल, तर ही राइड दिसते तितकी भयंकर नाही. पोटात खड्डा पडण्याची भीती असेल, तर ती दिसते त्याहून जास्त भयंकर आहे.

आकडे आधी पाहू. इंटामिन कंपनीने बांधलेली ही राइड 10 जून 2021 ला खुली झाली. रूळ साधारण 1,430 मीटर लांब, सर्वोच्च टोक 47 मीटर, कमाल वेग ताशी 113 किलोमीटर, मोठा उतार 80 अंशांचा, गाडी उलटी होण्याच्या जागा चार. लोक उंची आणि वेग पाहून घाबरतात, पण निर्णयाला उपयोगी पडणारे आकडे हे नव्हेतच. खरी बाब ही की इथे खांद्यावरून येणारं जोखड नाही, फक्त मांड्यांवर बसणारा लॅप बार आहे, आणि युनिव्हर्सलच्याच मोजणीप्रमाणे एकूण बारा सेकंद एअरटाइम आहे. एअरटाइम म्हणजे शरीर आसनावरून उचललं जाणं. पुलाच्या उंचवट्यावरून गाडी भरधाव गेली की पोटात जे होतं तेच, फक्त अनेक पट जोरात आणि पुन्हा पुन्हा.

म्हणून आधी स्वतःच्या भीतीची फोड करा. उंचीची भीती वेगळी, पडण्याची वेगळी, उलटं होण्याची वेगळी, अचानक फेकलं जाण्याची वेगळी आणि अडकून पडल्याची वेगळी. “मला रोलर कोस्टर झेपत नाही” असं म्हणणाऱ्या माणसाला बहुधा यातल्या एकाच गोष्टीचा त्रास होत असतो, आणि ती कोणती हे त्याने कधी तपासलेलं नसतं.

तपासायची सोय त्याच पार्कात आहे. फ्लाइट ऑफ द हिप्पोग्रिफ ही 91 सेंटिमीटर उंचीच्या मुलांनाही चालणारी छोटी राइड. ती जड गेली तर पुढचा विचार सोडून द्या. हॅग्रिडची मोटरबाइक राइड मधली पायरी. तिथे ताशी 80 किलोमीटरपर्यंत वेग, अनेक लाँच (म्हणजे गाडी एकदम वेगाने पुढे फेकली जाणं), मागे धावणं आणि रुळासकट खाली पडणं, सगळं आहे; उलटं होणं मात्र नाही. अचानक फेकलं जाण्याचा त्रास होतो का, हे तिथे नेमकं कळतं. इन्क्रेडिबल हल्कमध्ये सात इन्व्हर्जन, म्हणजे उलटं होण्याच्या जागा, आहेत आणि वळणांत शरीर चांगलंच दाबलं जातं, पण खांद्यावरून घट्ट जोखड असतं. “हल्क झाली, आता व्हेलोसी काय अवघड!” हे गणित चुकतं ते इथेच. हल्क तुम्हाला आसनात दाबते, व्हेलोसी आसनातून उपटते. पोट वर येणं सोसतं का याची खरी चाचणी डॉक्टर डूमच्या मनोऱ्यावर होते. तो तुम्हाला वर फेकतो आणि टोकाला पोचताच शरीर सुटतं. ज्युरासिक पार्क रिव्हर अ‍ॅडव्हेंचर चालू असेल तर तिचा 26 मीटरचा उतारही त्याच कामाचा. या दोन्ही ठिकाणी हसत उतरणारा माणूस व्हेलोसीला तयार आहे असं आम्ही मानतो. हल्कवरून हसत उतरणाऱ्याबद्दल तशी खात्री देता येत नाही.

रांगेत लागण्याआधी दोन कामं करा. एक, ज्युरासिक पार्क डिस्कव्हरी सेंटरच्या तळ्याकडच्या बाजूला उभं राहून काही फेऱ्या पाहा. राइडचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे उंच टोक, उलटा टप्पा आणि पाण्यालगतची गिरकी, तिथून दिसतो. गाडीकडे पाहू नका, बसलेल्यांचे केस आणि हात पाहा. ते कुठे वर उडतात तिथे एअरटाइम आहे. सेकंदही मोजा : सर्वांत धास्तीचा तुकडा किती थोडक्यात संपतो हे कळलं की मनाचा हिशेब बदलतो. दोन, प्रवेशाबाहेर नमुन्याचं आसन ठेवलेलं असतं, त्यात बसा. ते मुख्यतः जाड मांड्या किंवा मोठं पोट असलेल्यांना बार बसतो का हे पाहण्यासाठी आहे. पण बार अंगावर आल्यावर जीव घुसमटतो का, की उलट खांदे मोकळे राहिल्याने उघडं पडल्यासारखं वाटतं, हेही तिथेच समजतं आणि त्यासाठी रांग लावावी लागत नाही.

किमान उंची 51 इंच, म्हणजे सुमारे 130 सेंटिमीटर. गर्भवती, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेले, मान-पाठीचं दुखणं किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेले यांच्यासाठीचा इशारा फलकावर असतो. त्यात वाटाघाटीला जागा नाही.

रांग स्वतःच एक परीक्षा आहे. आत तोंडाला मुसक्या बांधलेले यांत्रिक रॅप्टर डायनोसॉर फुरफुरतात, आवाज दणकट असतात. नाटक म्हणून ते छान आहे, पण आधीच धडधडणाऱ्या माणसाला त्रासाचं. लहान मुलांना आधी सांगून ठेवा. पुढे लॉकर लागतात. फोन, किल्ल्या, टोपी, नाणी, सगळं तिथे जातं. खिसे पूर्ण रिकामे करायचे. लॉकर दोन्ही बाजूंनी उघडतात, म्हणजे सामान जाताना एका बाजूने ठेवायचं आणि परतताना दुसऱ्या बाजूने घ्यायचं. चष्म्याला मागून दोरी असलेली बरी. नसेल तर कर्मचाऱ्याला आधी विचारा. फोन गेला की मन वळवायचं साधनही जातं, तेव्हा उरलेल्या रांगेसाठी बोलणारा सोबती हवा. आणि एकट्यांची वेगळी रांग लवकर सरकत असली तरी घाबरणाऱ्याने ती घेऊ नये. तिथे शेजारी कोण येईल हे आपल्या हातात नसतं.

कोणत्या ओळीत बसावं? गाडीत 24 जण बसतात, दोघादोघांच्या बारा ओळी. शेवटच्या ओळी टाळा, आणि त्याला कारण आहे. उंच टोकावरून गाडीचा पुढचा भाग उतरायला लागला की तो मागच्या भागाला ओढतो, त्यामुळे मागचे लोक टोक जास्त वेगाने ओलांडतात आणि आसनातून जास्त उचलले जातात. पहिल्या ओळीत ही ओढ कमी, पण वारा तोंडावर आणि समोर काहीच नाही. उंचीला घाबरणाऱ्याने मधली ओळ मागावी : पुढच्यांची डोकी दिसतात, ओढही मध्यम. मागितली तर कर्मचारी बहुधा देतात, एखादी फेरी थांबावं लागतं इतकंच.

बसताना कंबर आणि पाठ आसनाला अगदी मागे टेकवून मगच बार खाली घ्या. घाईत पुढे सरकून बसलेल्या माणसाच्या मांडीत आणि बारात फट राहते, आणि एअरटाइममध्ये तीच फट “आता मी पडणार” अशी वाटते. बार पोटावर नको, मांड्यांच्या मुळाशी हवा. या क्षणापर्यंत नकार देता येतो. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला सांगितलं की तो बाहेरचा रस्ता दाखवतो. रोज असे लोक येतात, कुणी हसत नाही. बार लागून गाडी सुटली की मात्र सुटका नाही.

आता प्रत्यक्ष फेरी. हळूहळू चढणारी, साखळी कडकडणारी चढण इथे नाही, चुंबकी लाँच आहेत. पहिला लाँच ताशी 80 किलोमीटरपर्यंत नेतो. पाठ आसनात रुतते, डोकं आधीच मागे टेकवलेलं हवं. लगेच पहिली दोन इन्व्हर्जन येतात. वेग असल्यामुळे तुम्ही आसनात दाबलेले राहता आणि उलटं झाल्याचं पुष्कळांना नंतर कळतं. मग खडकांमधली झटपट वळणं. डोक्याजवळून दगड जातात असं भासतं, तशी रचनाच केली आहे. अंतर तपासूनच बांधलेलं असतं. इथे शरीर जड होतं. कुणाकुणाला डोळ्यांपुढे करडं येतं, कारण रक्त पायांकडे ओढलं जातं. मांड्या आणि पोट आवळून धरलं की ते टळतं. रिकाम्या पोटी आणि उन्हात पाणी न पिता बसणाऱ्यांना हा त्रास जास्त होऊ शकतो.

दुसरा लाँच ताशी 113 किलोमीटरपर्यंत 2.4 सेकंदांत नेतो आणि गाडी थेट 47 मीटरच्या टोकावर चढते. उंचीची भीती असणाऱ्यांना एक दिलासा : वर थांबणं नाही. पण टोक ओलांडतानाच शरीर सुटतं, आणि 80 अंशांच्या उतारात ते सुटलेलंच राहतं. फेरीतला पोटासाठी सर्वांत कठीण क्षण हा. श्वास रोखणारे इथे हरतात. ओरडा. ओरडलं की श्वास आपोआप बाहेर पडतो आणि पोटाचे स्नायू घट्ट होतात.

उताराला लागूनच तो बदनाम उलटा टप्पा येतो. सुमारे 30 मीटर गाडी डोकं खाली, पाय वर अशी जाते. खालून पाहणाऱ्याला वाटतं, लोक बारला लटकले असतील. तसं नसतं. या रुळाची कमान फेकलेल्या चेंडूच्या मार्गासारखी वळवलेली आहे, त्यामुळे गाडी आणि माणूस एकाच गतीने पडत असतात आणि बारवर भार जवळजवळ येत नाही. तरंगल्याची जाणीव होते. उलटं होण्याला भिणारे अनेकजण उतरल्यावर याच टप्प्याचं कौतुक करतात.

त्यानंतर छोट्या उंचवट्यांवर पुन्हा पुन्हा उचललं जाणं, कडेला झोकणारी वळणं, आणि अगदी शेवटी तळ्याच्या पाण्यालगत एक झपाट्याची गिरकी. मोठा उतार संपला म्हणून सैल पडलेल्यांना ही फसवते. उलटं होताना इथे शरीर बाहेर खेचलं जातं आणि अडवायला मांड्यांवरचा बार एवढंच. मांड्यांनी बार वर रेटून धरा, टाचा खाली दाबा, नजर पुढच्या रुळावर ठेवा. डोळे मिटू नका. मिटले तर कान हालचाल सांगतात आणि डोळे काहीच नाही, या विसंगतीने मळमळ वाढते. शिवाय पुढचं वळण न दिसल्याने मान झटका खाते. गिरकी संपली की ब्रेक.

यंत्रावर विश्वास नसणं ही वेगळीच भीती, तिला माहितीने उतारा मिळतो. प्रत्येक डब्याची चाकं रुळाला तीन बाजूंनी धरतात : वरून, बाजूने आणि खालून. म्हणून उलटं होऊनही गाडी सुटत नाही. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि पुढचा भाग मोकळा झाल्याचा संकेत मिळाल्याशिवाय मागची गाडी त्यात सोडली जात नाही. स्थायी चुंबकांचे ब्रेक वीज गेली तरी काम करतात. लाँच असलेल्या राइडमध्ये क्वचित वेग कमी पडून गाडी टोक न ओलांडता मागे घसरते. ती शक्यता रचनेत धरलेलीच असते, मागे आलेली गाडी लाँचच्या पट्ट्यात थोपवली जाते. मध्येच थांबलात तर बार उघडायचा प्रयत्न करू नका. कर्मचारी येतात आणि जिन्याने उतरवतात.

मळमळीच्या गोळीबद्दल. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट घ्यायचंच असेल तर साधारण तासभर आधी, आणि झोप येते हे धरून. इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. ती मळमळीवर चालते, भीतीवर नाही. जेवण हलकं आणि बसण्याआधी तासभर तरी.

मुलांच्या बाबतीत एकच आग्रह : 130 सेंटिमीटर ही बारची मोजणी आहे, मुलाच्या तयारीची नव्हे. “काही नाही, हळू असते” असं सांगून बसवलेलं मूल पुढचे दिवस हिप्पोग्रिफलाही बसत नाही. काय होणार ते क्रमाने सांगा आणि नकार आला तर तो घ्या. चाइल्ड स्वॅपची सोय आहे : सगळे मिळून रांगेतून जायचं, एक मोठा माणूस मुलासोबत थांबतो, दुसरा बसून येतो, मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल. आयत्या वेळी मागे फिरणाऱ्यालाही मुलासोबत थांबायचा मान मिळतो.

वेळ सकाळची. जून ते सप्टेंबरमध्ये ऑर्लँडोला दुपारी वादळी पाऊस नेहमीचा, आणि जवळपास वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. धाडस गोळा करून निम्म्या रांगेत पोचलेल्या माणसाला अनिश्चित काळ थांबवणं म्हणजे त्याला परत पाठवणंच.

उतरल्यावर हातपाय थरथरणं काही मिनिटं टिकतं, त्याने घाबरू नये. बसा, पाणी प्या. चक्कर किंवा मळमळ असेल तर त्या दिवशी दुसरी फेरी नको. नुसतीच थरथर असेल, तर अर्ध्या तासाने पुन्हा बसायला हरकत नाही, आणि त्या वेळी ओळ चौथी किंवा पाचवी मागा.