सोनेरी दिशाचक्र

उत्तर इंग्लंडमधील एका लहान संग्रहालयाच्या व्हायकिंग दालनासाठी, म्हणजे आठव्या ते अकराव्या शतकातल्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींच्या दालनासाठी, मी साडेचार फूट रुंदीचा सजावटी नकाशा काढला, त्याला आता वर्ष होईल. पण शाळेची पहिली मुले तो पाहायला आली तो दिवस अजून मनातून जात नाही.

कागदाला चहाच्या पाण्याने जुनाट छटा आणली होती आणि किनाऱ्यालगतच्या बारीक समांतर रेघा टाकाने एकेक करून ओढण्यातच सहा दिवस गेले होते. समुद्रातले अक्राळविक्राळ जलचर ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूच्या १५३९ च्या, नऊ लाकडी ठशांवरून छापलेल्या नकाशातून घेतले. उजव्या कोपऱ्यात बत्तीस दिशांचे, सोनेरी वर्ख लावलेले दिशाचक्र होते आणि त्याचा मला विशेष अभिमान होता.

नऊ-दहा वर्षांची एक मुलगी त्या चक्रापाशी बराच वेळ थांबली आणि तिने विचारले, "ते लोक हाच नकाशा घेऊन निघायचे का?" आमचा मार्गदर्शक "हो, असाच काहीसा" म्हणून पुढे गेला. माहिती देणाऱ्याने घाईने होकार देणे मला अक्षम्य वाटते. पण मागे उभा असलेला मीही गप्पच राहिलो.

व्हायकिंगांचा एकही सागरी नकाशा सापडलेला नाही आणि होकायंत्र उत्तर युरोपात आले ते त्यांचे युग संपल्यानंतर. त्यांची वाट आइसलंडच्या 'लांडनामाबोक' या ग्रंथात शब्दांत सांगितली आहे: नॉर्वेतील हेर्नारहून ग्रीनलंडसाठी सरळ पश्चिमेला निघावे, शेटलंडच्या उत्तरेने जाताना ती बेटे हवा स्वच्छ असेल तरच दिसावीत, फेरो बेटांच्या दक्षिणेने जाताना समुद्र डोंगरांच्या निम्म्या उंचीपर्यंत चढलेला दिसावा आणि आइसलंडच्या दक्षिणेला तिथले पक्षी व देवमासे भेटावेत. निम्मा डोंगर पाण्याआड जातो तो पृथ्वीच्या गोलाईमुळे, आणि त्यावरूनच ते अंतर ओळखत. एवढे चित्रमय वर्णन हाताशी असताना मी पाचशे वर्षांनंतरचे राक्षस रंगवत बसलो होतो.

पुष्कळ पत्रव्यवहारानंतर एक जलचर झाकण्याची परवानगी मिळाली. त्या जागी मी फेरोचे डोंगर काढले: माथे गडद, मधला भाग निळसर करडा आणि त्याखाली फक्त पाणी. दिशाचक्र शोभेचे आहे म्हणून ते ठेवावे, असा व्यवस्थापनाचा आग्रह होता. ते कोणत्या काळातले आहे हे सांगणारी दोन ओळींची पाटी मात्र मी लावून घेतली. ती मुलगी चुकीचे उत्तर घेऊन त्याच दिवशी घरी गेली होती.