पहिल्यांदाच चेहरा न जळता मास्क लावला

काल रात्री दहा मिनिटं चेहऱ्यावर ओट्सचा मास्क होता आणि दहाही मिनिटं काही झालं नाही. चुरचुर नाही, खाज नाही, गाल तापले नाहीत. ज्यांची स्किन सेन्सिटिव्ह आहे त्यांनाच कळेल हे किती मोठं आहे, मी आरशासमोर उभी होते आणि डोळ्यात पाणी आलं होतं खरंच.

सुरुवात दिवाळीत झाली. नरकचतुर्दशीला उटणं लावलं, दरवर्षी लावते, तो वाळा आणि नागरमोथ्याचा वास आला की मगच मला दिवाळी वाटते. पण यावेळी चेहऱ्यावर जरा जोरात चोळलं गेलं, त्यात संत्र्याच्या सालीची पावडर, ती तशी रवाळच असते, आणि गाल लाल झाले ते संध्याकाळपर्यंत उतरेनात. मग ते शांत करायला म्हणून मी पार्लरला हायड्रेटिंग फेशियल करायला गेले. तिथे मास्क लावल्यावर पाच मिनिटात जळायला लागलं, मी सांगितलं तर उत्तर आलं, "थोडं चुरचुरणारच मॅडम, चुरचुरतंय म्हणजे काम करतंय." आणि मी ऐकलं. पूर्ण वीस मिनिटं ठेवलं. दोन दिवसांनी गालावर बारीक पुरळ, नाकाच्या बाजूला सालं निघतायत, नुसतं पाणी मारलं तरी झोंबतंय.

"चुरचुरतंय म्हणजे काम करतंय" हे वाक्य आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं आणि मला त्याचा आता फार राग येतो. जळजळ म्हणजे त्वचा सांगतेय की काढा हे, बस.

स्किनच्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं की त्वचेचा सगळ्यात वरचा थर हा भिंतीसारखा असतो, पेशी म्हणजे विटा आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड हे मधलं सिमेंट. ते सिमेंट झिजलं की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं, म्हणून साधं पाणीही झोंबतं. त्वचेचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण पाचच्या आसपास असतो, लिंबाचा दोनच्या जवळपास आणि खायच्या सोड्याचा आठच्या वर, त्यामुळे घरगुती म्हणून हे दोन्ही चेहऱ्यावर लावायचं नाही असं त्यांनी बजावलं. सहा आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. आईचं फोनवर रोज चालू होतं, साय लाव, बेसन लाव, पण काही लावलं नाही.

सहा आठवडे झाले तोवर पुण्यातली थंडी सुरू झाली आणि कोरडेपणा मॉइश्चरायझरने भागेना. डॉक्टरांना विचारून ओट्सवर आले. बारीक दळलेल्या ओट्सला कोलॉइडल ओटमील म्हणतात, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) 2003 मध्ये त्याला त्वचेचं रक्षण करणारं म्हणून मान्यता दिलीय. त्यातलं बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवतं आणि अ‍ॅव्हेनान्थ्रामाइड नावाचे घटक खाज, लाली कमी करतात.

मी केलं ते असं, साधे ओट्स घेतले (मसाला किंवा फ्लेवरवाले अजिबात नकोत), मिक्सरच्या छोट्या भांड्यात अगदी पिठासारखे दळले आणि मग वस्त्रगाळ केले. वस्त्रगाळ करायचा कंटाळा करू नका प्लीज, कण राहिले की ते पुन्हा घासले जातात आणि माझं सगळं तिथूनच बिघडलं होतं. पीठ जमलं का बघायचं तर चमचाभर ग्लासभर पाण्यात टाका, पाणी दुधाळ झालं पाहिजे, तळाशी लगेच बसलं तर अजून दळा. मग दोन चमचे पीठ, कोमट पाणी आणि ग्लिसरीनचे चार-पाच थेंब. ग्लिसरीन नुसतं लावू नका, ते झोंबू शकतं.

पण चेहऱ्यावर लगेच नाही! आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. अ‍ॅलर्जी लगेच दिसतेच असं नाही, एक-दोन दिवसांनी किंवा अजून उशिरानेही उठते, त्यामुळे लावलं, अर्धा तास बघितलं, ठीक आहे असं म्हणून चालत नाही. ओट्सचीही अ‍ॅलर्जी असते काहींना. त्यानंतर दोन दिवस कानाखाली जबड्यावर लावून बघितलं आणि मग काल चेहरा.

दहा मिनिटांनी, अजून ओलसर असतानाच, कोमट पाण्याने न चोळता काढला. वाळून कडक होईपर्यंत ठेवला की ओढल्यासारखं होतं आणि काढताना परत चोळावं लागतं. टॉवेलने नुसतं टिपलं आणि चेहरा ओला असतानाच मॉइश्चरायझर लावलं, हे फार महत्त्वाचं आहे कारण ग्लिसरीन पाणी ओढून घेतं पण ते टिकायला वरून काहीतरी झाकण लागतं, नाहीतर कोरड्या हवेत ते उडूनच जाणार.

आज सकाळी नाकाच्या बाजूचे पांढरे पापुद्रे बसलेत. गालाची लाली आहे तशीच आहे, ती एका मास्कने जाणार नाहीये. उरलेलं भिजवलेलं मिश्रण टाकून दिलं, त्यात प्रिझर्वेटिव्ह नाही, दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. आता आठवड्यातून एकदाच, रविवारी.

बहिणीने गुलाबाच्या वासाचे शीट मास्क दिले होते ते तिला परत दिले. लेबलवर फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम दिसलं की मी ठेवून देते, आणि अनसेंटेड लिहिलेल्यातही कधीकधी वास झाकायला सुगंध घातलेला असतो म्हणून मागची यादी वाचतेच. नॅचरल आहे म्हणून सुटका नाही, संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतंच.

आईला सगळं सांगितलं तर म्हणाली माझ्याही पायाच्या नडग्या फार कोरड्या पडल्यात, मलाही दे ते पीठ. डबीत भरून दिलंय, आणि आधी कोपराला लाव, सात दिवस, असं डबीवरच चिकटपट्टी लावून लिहिलंय. आज तिचा पहिला दिवस.