वडिलांचा एक गुण

चाळिशीच्या आत, अंगाने बारीक, तेलकट खाणं बेताचं, तरी माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २५८ आलं, खूपच जास्त. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून आलेलं असू शकतं, आणि त्यांनी एका संशोधन प्रकल्पाकडे पाठवलं. या आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया; तो साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं यकृताचं काम जन्मापासूनच मंद असतं, आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. रक्त, वजन, कंबरेचं माप, संमतीपत्र हे सगळं एका सकाळी आटोपलं.

अडलं ते बाबांपाशी.

समुपदेशक ताईंनी आमचा वंशवृक्ष काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. बाबांच्या चौकोनावर तिरकी रेघ मारून त्यांनी विचारलं, "कशाने गेले? कितव्या वर्षी?" हार्ट अटॅक, त्रेचाळिसाव्या वर्षी. "कागद आहे का?"

हा आजार ठरवायला डच लिपिड क्लिनिक नेटवर्कचे गुण धरतात. माझ्या एलडीएलचे ५. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर आणखी १. पाचावर 'शक्यता आहे', सहावर 'बहुधा आहे', आणि या प्रकल्पात जनुक तपासणी सहापासून पुढच्यांचीच होती. बाबांचा तो एक गुण मला हवाच होता.

मृत्यूचा दाखला घरात होता, पण त्यावर कारण नसतं. नगरपालिकेत गेले तर साहेब रजेवर. पुढच्या खेपेला 'अर्ज करा'. अर्ज केला तर 'जुनं रजिस्टर वरच्या मजल्यावर आहे, सोमवारी या'. शेवटी एका वयस्कर कारकुनाने सांगितलं, "मॅडम, कारण आम्हाला देताच येत नाही." ते खरं आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमात, कोणालाही दिलेल्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. मग हे एक वाक्य पहिल्या दिवशी खिडकीवर का सांगितलं नाही? पगार कापून सुट्ट्या काढल्या होत्या मी. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिथून रुग्णालय. मालक बदललेले, जुन्या फायली रद्दीत गेलेल्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णांचे कागद तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. ज्यांच्याकडे हे कागद अजून मिळू शकतात त्यांनी आजच लेखी मागावेत. अर्ज केल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात.

वाट दाखवली आईने. "अगं, विम्याच्या वेळी डॉक्टरांनी काहीतरी भरून दिलं होतं." तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत दाव्याच्या फॉर्मची झेरॉक्स निघाली. शाई पिवळी पडलेली, पण 'अॅक्यूट मायोकार्डियल इन्फार्क्शन', म्हणजे हार्ट अटॅक, आणि खाली डॉक्टरांची सही नीट वाचता येत होती. आईने इतकी वर्षं ती जपली याचा मला फार अभिमान वाटतो. ताईंनी ती मान्य केली, सहावा गुण मिळाला.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आहे. आता रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. त्या वेळी कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून शेजारच्या नाहीतर लांबच्या कोणाला तरी ती मागून ठेवायला सांगा.

संमतीपत्रात 'निकाल मला कळवावा' असा रकाना असतो. तिथे 'होय' लिहिलंय ना, हे सही करण्याआधी बघा. मी लिहिलं होतं, म्हणून एलडीएल उचलण्याशी संबंधित एलडीएलआर जनुकातला बदल मला कळला आणि त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली. धाकट्या भावाचं एलडीएल २३१ निघालं, त्याला काहीच त्रास नव्हता. आता त्याच्या मुलीचं रक्त द्यायचंय; वहिनीला मी वंशवृक्षाच्या कागदाचा फोटो पाठवला आहे.