एका पेनीसाठी संप

"एका पेनीसाठी संप? येडे होते का?" लेक हसत सुटली आणि मोबाईलवर आजच्या रेटने पेनीचे रुपये काढून मोकळी पण झाली.

१८८९, लंडनचे गोदी कामगार. तासाला ५ पेन्स (एक ती पेनी, अनेक ते पेन्स) मिळायचे, त्यांनी ६ मागितले. तेव्हा १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, म्हणजे पौंडात २४० पेन्स (१९७१ पर्यंत हेच, डोक्याला ताप नुसता), आणि ती एक पेनी म्हणजे मजुरीत सरळ २० टक्के वाढ, त्यात काम कधीकधी दोनच तासांचं.

तिकडे बडे डॉक्टर-वकील फी गिनीत घ्यायचे. गिनी म्हणजे २१ शिलिंग. एक गिनी कमवायला गोदी कामगाराची तासाला ६ पेन्सने ४२ तासांची हमाली!

संप जिंकले ते. पण रुपयांत कन्व्हर्ट करून हे कळणार कसं, तासांत मोजायला नको का?